आवर्तनाच्या पाण्यावरची वीज

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतात. तेथे वर्षभरात पडणारा पाऊस सरासरीने पाचशे मिलिमीटरच्या आसपास असला, तरी पश्चिमेला भीमाशंकर, आहुपे आणि घाटमाथ्यावरील इतर डोंगरांवर त्याच्या कित्येक पट पाऊस कोसळतो आणि तेच पाणी घोड, कुकडी, भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांतून या कोरड्या मुलखात येते. शिरूर तालुक्यातील चिंचणी येथे घोड नदीवर धरण आहे, चासकमान धरणाचा कालवा खेडमधून शिरूरमध्ये उतरतो, खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा हवेलीतून दौंड आणि इंदापूरकडे जातो आणि दौंडच्या पूर्वेला उजनीचा फुगवटा भीमेच्या पात्रात पसरलेला असतो. इतक्या ठिकाणी पाणी अडते, सोडले जाते आणि वरून खाली पडते, त्यामुळे त्या पडण्यातून वीज का काढू नये, हा प्रश्न साहजिक आहे. पण तो जितका सोपा दिसतो तितका नाही, आणि त्याचे उत्तर पैसा गुंतवण्यापूर्वी कोणी आणि कसे तपासावे हे त्याहून महत्त्वाचे आहे.

भारतात २५ मेगावॅटपर्यंतच्या जलविद्युत प्रकल्पास लघु जलविद्युत प्रकल्प म्हटले जाते. अशा प्रकल्पाचा प्रवर्तक प्रथम सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करून घेतो, ज्यात किती पाणी मिळेल, किती वीज होईल, खर्च किती येईल आणि कर्ज किती वर्षांत फिटेल याचे आकडे असतात. हा अहवाल ज्याने लिहिला त्याच्याशी किंवा यंत्रे पुरवणाऱ्याशी कोणताही आर्थिक संबंध नसलेल्या अभियंत्याने त्यातील प्रत्येक गृहीतक मूळ नोंदींपर्यंत जाऊन पुन्हा तपासणे, यास स्वतंत्र तांत्रिक पडताळणी म्हणतात. अहवालातील बेरीज-वजाबाकी बरोबर आहे की नाही हे पाहणे हा तिचा अगदी लहान भाग होय, कारण चुका बहुतेक वेळा गणितात नसतात, तर गणितात भरलेल्या पहिल्या आकड्यात असतात.

वीजनिर्मितीचे मूळ सूत्र शालेय पदार्थविज्ञानाच्या आवाक्यातले आहे. एक घनमीटर पाणी एक मीटर खाली पडले की सुमारे ९,८१० ज्यूल ऊर्जा मोकळी होते आणि विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्यामुळे टर्बाइन आणि जनित्र मिळून ८५ टक्के कार्यक्षमता धरली, तर एक युनिट वीज मिळवण्यासाठी सुमारे ४३२ घनमीटर पाणी एक मीटर खाली पडावे लागते. धरणांचा हिशेब ज्या टीएमसीत होतो ते एकक म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. यावरून असे निघते की एक टीएमसी पाणी दर मीटर पडावामागे साधारण ६५ हजार ५०० युनिट वीज देते. पाण्याची वरची आणि खालची पातळी यांतील उभे अंतर, ज्याला या व्यवसायात हेड म्हणतात, ते आणि पाण्याचे प्रमाण या दोन गोष्टींचा गुणाकार म्हणजेच प्रकल्पाचे सारे भांडवल असते.

याच नदीखोऱ्यातील एक जुनी तुलना येथे उपयोगी पडते. मुळशी धरण मुळा नदीवर आहे आणि एरवी ज्या पाण्याने मुळा-मुठेतून दौंडच्या दिशेने वाहत यावे, ते टाटांच्या योजनेत घाटमाथ्यावरून भिरा येथे कोकणात सोडले जाते. तेथे त्याला सुमारे ५०० मीटरचे हेड मिळते. पठारावरच्या धरणाच्या पायथ्याशी जेथे १५ मीटर हेड मिळते, तेथे तेवढीच वीज काढायची तर तेहेतीस पटींहून अधिक पाणी यंत्रातून न्यावे लागेल. अधिक पाण्यासाठी नळ रुंद लागतो, टर्बाइनचे चाक मोठे आणि संथ गतीचे लागते, विद्युतगृहही मोठे लागते आणि दर मेगावॅटमागचा खर्च चढत जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी खोपोली, भिवपुरी आणि भिरा या ठिकाणांची निवड झाली तिच्यामागे हा साधा हिशेब होता, आणि शिरूर-दौंडच्या सपाट मुलखात कोणी त्या केंद्रांच्या यशाचा दाखला देऊ लागला तर पडताळणी करणाऱ्याने त्याला हाच हिशेब दाखवावा.

तरीही पठारावर वीज होतच नाही असे नाही. घोड नदीवरच वरच्या बाजूस, आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या पायथ्याशी ५ मेगावॅटचे केंद्र आहे. जुन्नर तालुक्यातील माणिकडोह येथे ६ मेगावॅटचे. आणि खाली भीमेवर उजनी येथे, उलट फिरवून पंपासारखेही चालवता येईल अशा रचनेचे, १२ मेगावॅटचे यंत्र आहे. शिरूर आणि दौंड ही जणू या केंद्रांच्या मधली जागा आहे. या साऱ्या केंद्रांमध्ये एक गोष्ट समान आहे आणि ती अहवालात पुष्कळदा पुरेशा ठळकपणे येत नाही: पाणी विजेसाठी साठवलेले नाही. ते सिंचनासाठी आणि पिण्यासाठी आहे, त्याचे वेळापत्रक कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते, ठरावीक काळ कालवा सोडून मग तो बंद करायचा या क्रमाला आवर्तन म्हणतात, आणि वीज ही त्या आवर्तनाची आनुषंगिक उपज आहे. कालवा बंद असेल तर धरण काठोकाठ भरलेले असूनही यंत्र उभेच राहणार.

घोड धरणाचे उदाहरण घेऊन हा मुद्दा सविस्तर पाहण्याजोगा आहे. पायापासून मोजली तर या धरणाची उंची तीस मीटरच्या जवळ आहे आणि त्याचा डावा कालवा श्रीगोंद्याकडे, तर उजवा शिरूर तालुक्यातून जातो. उंची तीस मीटर म्हणून हेड तीस मीटर, असा समज होण्याचा धोका असतो. पण पायाचा काही भाग जमिनीखाली असतो, जलाशयाची कमाल पातळी धरणाच्या माथ्याहून खाली असते आणि सर्वांत निर्णायक बाब म्हणजे कालवा नदीपात्रातून निघत नाही. पाणी दूरच्या शेतापर्यंत उताराने पोहोचावे म्हणून कालव्याचे तोंड, म्हणजे विमोचक, पात्राच्या बऱ्याच वर ठेवलेले असते. कालव्यात जाणाऱ्या पाण्यासाठी खरे हेड म्हणजे जलाशयाची त्या दिवसाची पातळी आणि कालव्यातील पाण्याची पातळी यांतील अंतर, आणि तेही जाळी, नळ आणि झडपा यांतील घर्षणाची घट वजा करून.

आता केवळ स्पष्टीकरणासाठी काही कल्पित आकडे घ्यावेत. समजा, एखाद्या पायथा विद्युतगृहाच्या अहवालात जलाशय पूर्ण भरलेला असतानाचे १७ मीटर हेड आणि वर्षाला कालव्यात जाणारे ५ टीएमसी पाणी धरले आहे. गुणाकार केल्यास सुमारे ५५ लाख ७० हजार युनिट मिळतात. प्रत्यक्षात मात्र पाणी एकदम जात नाही. रब्बीच्या पहिल्या आवर्तनात जलाशय जवळपास भरलेला असतो, तेव्हा १६ मीटर हेडवर दीड टीएमसी. दुसऱ्या आवर्तनात पातळी उतरलेली, १३ मीटरवर दीड टीएमसी. आणि उन्हाळी आवर्तनात, जेव्हा ऊस आणि चाऱ्याला पाण्याची सर्वाधिक निकड असते तेव्हा, ९ मीटरवर दोन टीएमसी. प्रत्येक आवर्तनाचा गुणाकार वेगळा करून बेरीज केली तर ४० लाख ३० हजार युनिटच होतात, म्हणजे अठ्ठावीस टक्के कमी. एकही आकडा खोटा नसताना वर्षाच्या उत्पन्नातील चौथा हिस्सा कागदावरून नाहीसा होतो.

एवढ्यावर हे थांबत नाही. टर्बाइन एका ठरावीक हेडसाठी घडवलेले असते आणि त्याहून फार कमी हेडवर त्याची कार्यक्षमता ढासळते, धक्के बसू लागतात आणि पाण्यातील दाब स्थानिकरीत्या इतका उतरतो की वाफेचे बुडबुडे तयार होऊन चाकाच्या पात्यांवर फुटतात व धातू खाऊन टाकतात. या क्रियेला कॅव्हिटेशन म्हणतात. फ्रान्सिस पद्धतीचे यंत्र संकल्पित हेडच्या निम्म्याच्या जवळपास सुरक्षितपणे चालवता येत नाही. अशा वेळी उन्हाळी आवर्तनाचे दोन टीएमसी यंत्राला वळसा घालून कालव्यात सोडावे लागतील आणि निर्मिती २८ लाख ५० हजार युनिटवर येईल, जी अहवालातील आकड्याच्या जेमतेम निम्मी आहे. कॅप्लान पद्धतीच्या यंत्रात पात्यांचा कोन पाण्याप्रमाणे बदलता येतो, त्यामुळे कमी आणि बदलत्या हेडला ते अधिक सोसते. पण ते महाग असते आणि त्याची देखभाल नाजूक असते. कोणते यंत्र घ्यावे हा प्रश्न यंत्रांच्या माहितीपत्रकातून सुटत नाही, जलाशयाच्या पातळीच्या वहीतून सुटतो.

या वहीला पडताळणीत पहिले स्थान मिळायला हवे. धरणावर दररोज पातळी लिहिली जाते, कालव्याच्या तोंडाशी मोजपट्टी वाचून विसर्ग काढला जातो आणि सांडव्यावरून गेलेल्या पुराची नोंद होते. अहवालात मात्र पुष्कळदा दहा दिवसांची किंवा महिन्याची सरासरी येते आणि सरासरीत आवर्तनाचे चढउतार पुसले जातात. पडताळणी करणाऱ्याने मूळ दैनिक नोंदी मागाव्यात, त्यांत किमान १९७२ नंतरचे मोठे दुष्काळ, अलीकडची २०१५ आणि २०१८ सारखी वर्षे समाविष्ट आहेत याची खात्री करावी, मोजपट्टीचे परिमाण शेवटचे कधी तपासले गेले ते विचारावे आणि धरणातून गेलेले पाणी कालव्यात पोहोचलेल्या पाण्याशी जुळते का ते पाहावे. येथे विश्वासार्हतेची संकल्पना कामी येते: चार वर्षांपैकी तीन वर्षे जेवढे पाणी निश्चित मिळते त्याला ७५ टक्के विश्वासार्ह पाणी म्हणतात आणि महाराष्ट्रातील सिंचन प्रकल्प सर्वसाधारणपणे या पायावर योजलेले आहेत. पिकाला चौथ्या वर्षी पाणी कमी पडले तर शेतकरी सोसतो, पीक बदलतो किंवा शेत पडीक ठेवतो. बँकेच्या हप्त्याला असे पडीक वर्ष नसते. म्हणून कर्जफेडीचा हिशेब दहापैकी नऊ वर्षे मिळणाऱ्या पाण्यावर तपासणे हा अतिसावधपणा मानता येत नाही.

भूतकाळाच्या नोंदी कितीही चोख असल्या तरी प्रकल्प भविष्यातील पाण्यावर चालणार असतो, आणि या दोन तालुक्यांत पाण्याचे भविष्य वरच्या बाजूस ठरते. खडकवासला साखळीतील पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांचा उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी आहे. त्यातून पुणे शहराची तहान भागवून उरलेले पाणी दौंड-इंदापूरच्या कालव्यात येते आणि शहर वाढत असल्याने ही वजाबाकी दरवर्षी अवघड होत चालली आहे. शहराने वापरलेले पाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून जुन्या बेबी कालव्यात सोडण्याची व्यवस्था याच ताणातून जन्मली. मुळात सिंचनासाठी योजलेल्या भामा आसखेड धरणातूनही आता पुणे शहराला पिण्याचे पाणी जाते. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत उघड्या कालव्याऐवजी बोगदा करण्याची योजना आहे आणि डिंभ्याचे पाणी बोगद्याने माणिकडोहकडे नेण्याच्या प्रस्तावावरून घोड आणि कुकडीच्या लाभक्षेत्रांत तीव्र मतभेद आहेत. यांपैकी प्रत्येक निर्णयाने एखाद्या विमोचकातून जाणारे पाणी, त्याची वेळ किंवा त्याचा मार्ग बदलू शकतो. पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम असणे योग्यच आहे. म्हणूनच गुंतवणूकदाराला कोणती घट संभवते याचा स्पष्ट अंदाज पडताळणीत मिळाला पाहिजे, आणि जलसंपदा विभागाशी होणाऱ्या करारात पाणी न मिळाल्यास जबाबदारी कोणाची हे कलम शब्दशः वाचले गेले पाहिजे.

पाण्याच्या हिशेबानंतर सर्वांत गंभीर भाग धरणाच्या सुरक्षिततेचा आहे. जुन्या धरणाच्या विमोचकाला नळ जोडून टर्बाइन बसवणे हे घराच्या नळाला तोटी जोडण्याइतके निरुपद्रवी नाही. पुणे जिल्ह्याला ही गोष्ट वेगळी सांगावी लागू नये: १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले तेव्हा विमोचकाचे काम अपुरे होते आणि धरणाच्या पोटातून जाणारा तो मार्ग आपत्तीच्या कारणमीमांसेत मध्यवर्ती राहिला. टर्बाइन बसले की विमोचकात पूर्वी नसलेले बळ कार्य करू लागते. वीजवाहिनीत बिघाड होऊन जनित्राचा भार क्षणात सुटला, तर यंत्र बेफाम वेगाने फिरू नये म्हणून त्याचे दरवाजे काही सेकंदांत मिटतात. नळातून वेगाने येणारे पाणी एकाएकी थांबते आणि त्याचा दाब नळाच्या भिंतींवर आदळतो, ज्याला जलाघात म्हणतात. जुना नळ हा दाब सोसू शकेल का, तो मातीच्या बांधातून जात असल्यास सांध्यातून पाझर वाढेल का, हे काटेकोर गणिताने आणि आवश्यक तेथे प्रतिकृतीवरील प्रयोगाने ठरवावे लागते. १९१६ साली स्थापन झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्याला, म्हणजे अगदी दाराशी असताना, असा प्रयोग टाळण्याला सबळ कारण उरत नाही.

याच प्रसंगाची दुसरी बाजू शेतकऱ्याची आहे. भार सुटून टर्बाइन मिटले की कालव्याचे पाणीही थांबते, आणि आवर्तनाच्या मध्यावर सहा तास पाणी थांबले तर त्याची झळ कालव्याच्या शेवटच्या टोकावरील, म्हणजे टेलच्या, गावांना बसते, ज्यांच्या वाट्याला पाणी आधीच उशिरा आणि कमी येते. त्यामुळे टर्बाइनला वळसा घालणारा स्वतंत्र मार्ग आणि यंत्र बंद होताच आपोआप उघडणारी झडप या गोष्टी प्रकल्पात असल्याच पाहिजेत. खर्च कमी दाखवण्याच्या ओढीत ही झडप लहान केली जाते किंवा हाताने फिरवायची ठेवली जाते. पडताळणीत आराखड्यावर बोट ठेवून पाहावी अशी ही जागा आहे.

भीमा आणि घोड नद्यांवर असलेले कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे पाहून त्यांवरही लहान यंत्रे बसवण्याची कल्पना सुचते. बंधाऱ्याचे ढापे पावसाळ्यात काढलेले असतात, कारण पूर मोकळा जायला हवा, आणि पाऊस ओसरल्यावर ते बसवून पाणी अडवले जाते. म्हणजे पाणी वाहते तेव्हा पातळीत फरक नसतो आणि फरक निर्माण होतो तेव्हा पाणी वाहत नाही. सूत्रातील दोन घटकांपैकी एक नेहमी शून्याजवळ असल्याने गुणाकारही शून्याजवळच राहतो. शिवाय रांजणगाव सांडस परिसरात मुळा-मुठा भीमेला मिळाल्यानंतर नदीतून शहराचे सांडपाणी आणि जलपर्णी येते, जी यंत्रापुढच्या जाळीवर गच्च बसते. या कल्पनेवर अहवाल करवून घेण्यात पैसे खर्च करण्यापूर्वीच तिला नकार देणे, हेही पडताळणीचे उपयुक्त फळ आहे.

गाळाबद्दल मात्र भीती बेताचीच असावी. शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पलीकडचे निघोज यांच्यामध्ये कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे दाखवतात की पाण्याबरोबर गरगरणारे गोटे काळ्या बसाल्टलाही कसे कोरून काढतात. टर्बाइनच्या पात्यांवर वाळू हेच काम लहान प्रमाणात करते. परंतु हिमालयातील नद्यांच्या वाळूत कठीण गारगोटीचे प्रमाण मोठे असते, तर दख्खनच्या धरणांमागे गाळ बराचसा जलाशयातच बसतो आणि विमोचकात तुलनेने निवळ पाणी येते. येथे गाळाचा खरा प्रश्न झिजेचा नाही, तर साठवण क्षमता घटण्याचा आहे. तो पुन्हा पाण्याच्या हिशेबात नेऊन सोडतो.

विजेच्या विक्रीची बाजू थोडक्यात सांगता येते. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे परिसरात मोठे ग्राहक आहेत, जवळच्या उपकेंद्रापर्यंतची वाहिनी फार लांब नसते आणि आवर्तनाच्या दिवसांत शेतीपंपांची मागणीही असते. परंतु मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून दिवसाची वीज सौर प्रकल्पांतून मिळवण्याकडे शासनाचा कल आहे, त्यामुळे वर्षातील निम्म्याहून अधिक दिवस बंद राहणाऱ्या जलविद्युत केंद्राने आपल्या युनिटची किंमत त्या तुलनेत पटवून द्यावी लागेल.

पडताळणी स्वतंत्र आहे हे केवळ शिक्क्याने सिद्ध होत नाही. तिचे शुल्क कर्ज मंजूर होण्यावर अवलंबून नसावे, अहवाल प्रवर्तकाच्या हाती जाण्याबरोबरच बँकेच्या हातीही जावा, आणि ज्याने पडताळणी केली त्याला त्याच प्रकल्पात पुढे संकल्पनाचे किंवा देखरेखीचे काम मिळू नये. रूरकी येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या पर्यायी जलऊर्जा केंद्राने लघु जलविद्युत केंद्रांच्या तपासणीची आणि मानकांची परंपरा घडवली आहे आणि १९८७ मध्ये स्थापन झालेली भारतीय अक्षय ऊर्जा विकास संस्था अशा प्रकल्पांना कर्ज देत आली आहे. त्यामुळे देशात या कामाचे ज्ञान आहे. उणीव असते ती वेळेची. परवान्यांची मुदत जवळ आली की पडताळणी पंधरा दिवसांत उरकण्याचा आग्रह होतो आणि पंधरा दिवसांत एकही आवर्तन सुरुवातीपासून शेवटापर्यंत पाहता येत नाही.

महाराष्ट्राच्या २००५ च्या धोरणात खासगी प्रवर्तकाने प्रकल्प बांधून तीस वर्षे चालवावा आणि नंतर शासनाकडे सोपवावा अशी रचना स्वीकारली गेली. तीस वर्षांनी येणारे यंत्र कोणत्या अवस्थेत असेल हे पहिल्या वर्षीच्या चाचणीच्या नोंदींशी तुलना करूनच सांगता येईल, म्हणून यंत्र ताब्यात घेतानाची कार्यक्षमता चाचणी ही पडताळणीचीच पुढची पायरी समजली पाहिजे. अशी चाचणी जलाशय भरलेला असताना, बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, उरकली जाते आणि यंत्र त्या दिवशी उत्तम चालते. करारात आणखी एक तारीख लिहून घेतली पाहिजे, ती एप्रिल-मे महिन्यातील उन्हाळी आवर्तनाची, जेव्हा घोड धरणाची पातळी विमोचकाच्या दिशेने उतरत असते, मोजपट्टीचे खालचे आकडे उघडे पडलेले असतात आणि कालव्यात सोडलेले पाणी कमी हेडवर त्याच यंत्रातून जात असते.